गाठीपाशीच दोरी का तुटते? नायलॉन घडवणाऱ्या वॉलेस कॅरोदर्स यांची गोष्ट

किराणा दुकानात तुम्ही नायलॉन पोहे पाहिलेच असतील. नायलॉन साबुदाणा, नायलॉन शेवही मिळते. यातल्या एकाही पदार्थात नायलॉन नसतं. पातळ, नाजूक, चकचकीत असं काही दिसलं की आपल्याकडे त्याला नायलॉन म्हणायची सवय पडली. एका अमेरिकन कंपनीने ठेवलेलं नाव थेट आपल्या पोह्यांच्या डब्यापर्यंत येऊन पोचलं. पण ज्या माणसाच्या डोक्यातून हा धागा निघाला, त्याने नायलॉन हा शब्द कधी ऐकलाही नव्हता. कारण नाव ठरण्याआधीच, वयाच्या ४१ व्या वर्षी तो हे जग सोडून गेला होता.

त्या माणसाचं नाव वॉलेस ह्यूम कॅरोदर्स. आज त्यांची गोष्ट वाचूया आणि सोबत एका अगदी रोजच्या प्रश्नाचं उत्तरही शोधूया. गळ टाकून मासे पकडणाऱ्यांपैकी अनेकांचा अनुभव असतो की भारीतली फ्लोरोकार्बन दोरी घेतली, पाकिटावर ५ किलो लिहिलेलं होतं, मासा तर २ किलोचाही नव्हता, तरी दोरी तुटली. आणि तुटली तीही नेमकी गाठीपाशी. असं का होतं? याचं उत्तर कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत १९३० साली सापडलेल्या एका गोष्टीत दडलेलं आहे.

## आयोवातला हुशार पोरगा

कॅरोदर्स यांचा जन्म २७ एप्रिल १८९६ रोजी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, बर्लिंग्टन या गावी झाला. चार भावंडांत ते थोरले. वडील डे मॉइन शहरातल्या एका कमर्शियल कॉलेजात शिकवायचे. मुलाने आधी तेच शिकावं असं ठरलं. त्यामुळे हायस्कूल संपल्यावर कॅरोदर्स यांनी १९१५ मध्ये अकाउंटिंग आणि सेक्रेटरीच्या कामाचा कोर्स पूर्ण केला. पुढे जगातला नावाजलेला केमिस्ट होणारा माणूस सुरुवातीला हिशेब लिहायला शिकत होता.

पण ओढ विज्ञानाची होती. त्याच वर्षी ते मिसूरी राज्यातल्या टार्किओ या छोट्या कॉलेजात दाखल झाले. तिथे एक मजेशीर गोष्ट घडली. केमिस्ट्रीचे प्राध्यापक दुसरीकडे नोकरीला गेले आणि शिकवायला कोणी उरलं नाही. मग कॉलेजने विद्यार्थी असलेल्या कॅरोदर्स यांनाच केमिस्ट्री शिकवायला उभं केलं. १९२० मध्ये पदवी, १९२१ मध्ये इलिनॉय विद्यापीठातून एमए, मग एक वर्ष साउथ डकोटात शिकवणं, आणि १९२४ मध्ये पुन्हा इलिनॉयमधूनच पीएचडी. त्यांचे गाइड होते रॉजर अ‍ॅडम्स, त्या काळातलं ऑरगॅनिक केमिस्ट्रीतलं मोठं नाव.

१९२६ मध्ये ते हार्वर्डला शिकवायला गेले. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, आता लाइफ सेट. पण कॅरोदर्स मुळात लाजाळू. भरल्या वर्गासमोर उभं राहून बोलायचं म्हणजे त्यांना संकट वाटे. त्यातच तरुणपणापासून त्यांना नैराश्याचे झटके येत. ते आले की आठवडेच्या आठवडे काम सुचत नसे. आज आपण ज्याला डिप्रेशन म्हणतो तो आजार त्यांच्यासोबत होता, आणि त्या काळी त्यावर आजच्यासारखी औषधं नव्हती.

## ड्यूपाँटचा फोन

त्याच सुमारास ड्यूपाँट कंपनीत चार्ल्स स्टाइन नावाचे एक संचालक वेगळाच विचार मांडत होते. कंपनीने नुसता माल बनवू नये, विज्ञानातल्या मूळ प्रश्नांवरही पैसे खर्च करावेत, असं त्यांचं म्हणणं. कंपनी तयार झाली. डेलावेअर राज्यात विल्मिंग्टनजवळ एक नवी प्रयोगशाळा उभी राहिली. तिथल्या लोकांनी तिला चेष्टेने प्युरिटी हॉल असं नाव पाडलं.

कॅरोदर्स यांना बोलावणं आलं. त्यांनी आधी नकार दिला. कारण त्यांनी स्वतःच कळवलं होतं. आपल्याला मानसिक त्रासाचे झटके येतात, आणि विद्यापीठात ते निभावून जातं तसं कंपनीत जाणार नाही, अशी त्यांना भीती होती. १९२७ साली नोकरी देणाऱ्याला इतकं खरं सांगायला धाडस लागतं. कंपनीने तरीही पुन्हा विचारलं आणि अखेर ६ फेब्रुवारी १९२८ ला ते ड्यूपाँटमध्ये रुजू झाले.

## तेव्हाचा मोठा वाद: रेणू किती लांब असू शकतो?

रबर, रेशीम, कापूस हे पदार्थ नेमके कशाचे बनलेले असतात यावर त्या काळी शास्त्रज्ञांत भांडण चालू होतं. जर्मनीचे हरमन श्टाउडिंगर म्हणत, हे प्रचंड लांब रेणू आहेत, साखळीसारखे. बऱ्याच लोकांना ते पटत नव्हतं. छोटे छोटे रेणू कसल्यातरी गूढ ओढीने एकत्र चिकटलेले असावेत, असं त्यांचं मत.

कॅरोदर्स यांनी ठरवलं की वाद घालत बसण्यापेक्षा साखळी बनवूनच दाखवायची. तीही अशा साध्या, माहीत असलेल्या केमिकल रिअ‍ॅक्शनने, की शेवटी काय बनलं याबद्दल कोणाला शंकाच राहू नये. कल्पना सोपी होती. दोन्ही टोकांना हूक असलेले रेणू घ्यायचे. आम्ल आणि अल्कोहोल एकमेकांना जोडले जातात आणि मधून पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, हे सगळ्यांना माहीत होतं. आता प्रत्येक रेणूच्या दोन्ही टोकांना हूक असेल तर? लोकलमध्ये डब्याला डबा जोडावा तशी साखळी वाढतच जाईल.

पण यात एक मेख होती. साखळी खरंच लांब हवी असेल तर रिअ‍ॅक्शन जवळपास पूर्ण व्हावी लागते. कॅरोदर्स यांनी याचं एक छोटंसं गणित मांडलं, ते आजही त्यांच्या नावाने शिकवतात. समजा ९५ टक्के टोकं जोडली गेली, तर साखळीत सरासरी फक्त २० कड्या होतात. ९९ टक्के जोडली गेली तर १००. आणि ९९.५ टक्के झाली तर थेट २००. म्हणजे शेवटच्या अर्ध्या टक्क्याने साखळीची लांबी दुप्पट होते! परीक्षेत ९५ टक्के मिळाले तर घरात पेढे वाटतात, इथे मात्र ९५ टक्के म्हणजे नापास.

अडवत होतं ते पाणी. रिअ‍ॅक्शनमधून निघालेलं पाणी तिथेच राहिलं की ते साखळी उलटी तोडतं. यावर त्यांच्या टीमने उपाय काढला. भांड्यातली हवा काढून टाकायची, आतला पदार्थ तापवायचा, आणि त्याच्या अगदी जवळ एक गार पृष्ठभाग ठेवायचा. निघालेलं पाणी तिथे जाऊन गोठतं आणि परत येऊ शकत नाही.

## एप्रिल १९३०: एकाच महिन्यात दोन शोध

१९३० चा एप्रिल महिना या प्रयोगशाळेसाठी लॉटरीच होता. आधी अर्नोल्ड कॉलिन्स या सहकाऱ्याच्या भांड्यात एक रबरासारखा गोळा तयार झाला. टेबलावर आपटला तर टणकन उडाला. तेच निओप्रीन. आज लॅपटॉपची मऊ बॅग, पाणबुड्यांचे सूट, मनगटाचे आणि गुडघ्याचे पट्टे यात ते सापडतं.

त्याच महिन्यात ज्युलियन हिल या दुसऱ्या सहकाऱ्याने वर सांगितलेल्या पद्धतीने पॉलिएस्टर बनवलं. त्याची साखळी तोवर कोणी मुद्दाम बनवलेल्या साखळ्यांपेक्षा कितीतरी लांब होती. हिल यांनी वितळलेल्या पदार्थात काचेची कांडी बुडवून वर ओढली. गुळाचा पाक ओढावा तसा बारीक धागा निघाला. तो गार झाल्यावर त्यांनी हाताने ओढून पाहिला. अपेक्षा अशी की कडकन तुटेल. पण तो तुटला नाही. मूळ लांबीच्या कितीतरी पट ताणला गेला, ताणता ताणता चमकदार झाला आणि आधीपेक्षा खूप मजबूत झाला.

हीच ती गोष्ट, जिच्यासाठी आपण आज हा लेख वाचतोय. याला कोल्ड ड्रॉइंग म्हणतात. यात काय होतं ते समजून घेऊया.

ताणण्याआधी धाग्यातल्या साखळ्या नूडल्सच्या वाटीसारख्या गुंतलेल्या असतात. ओढलं की त्या सरळ होतात आणि एकमेकींशेजारी, धाग्याच्या दिशेने ओळीत बसतात. मग लांबीच्या दिशेने ओढायचं म्हणजे त्या साखळ्यांचे पक्के बंध तोडायचे. ते अवघड. म्हणून धागा दणकट.

पण याची दुसरी बाजूही आहे. सगळी ताकद एकाच दिशेला लावली की आडव्या दिशेला ती कमी पडते. उसाचं कांडं हाताने लांबीला ओढून तोडता येईल का? नाही. पण आडवं दाबून, चिरडून त्याच्या चिपाड्या सहज होतात. ओढून ताणलेल्या प्लास्टिक धाग्याचंही तसंच असतं. सरळ ओढा, तो पहाडासारखा उभा. कमी जागेत वाकवा, आडवा दाबा, घासा, की तो थकतो. आणि गाठ म्हणजे काय? कमी जागेत वाकवणं, आडवं दाबणं आणि घासणं, तिन्ही एकदम!

## अपयशाची चार वर्षं, मग नायलॉन

हिल यांचा तो धागा दिसायला सुंदर होता, पण कपड्याच्या कामाचा नव्हता. कमी उष्णतेत वितळायचा. इस्त्री तर सोडाच, गरम पाण्यातही त्याचं खरं नव्हतं. कॅरोदर्स यांनी दुसरे पदार्थ करून पाहिले. मनासारखं काही होईना, आणि त्यांनी धाग्यांचा विषय बाजूला ठेवला. दरम्यान जगात मंदी आली होती. स्टाइन यांच्या जागी आलेले एल्मर बोल्टन यांना विकता येईल असा माल हवा होता. बोल्टन यांनी पुन्हा पुन्हा आग्रह धरला आणि १९३४ च्या सुरुवातीला कॅरोदर्स परत धाग्याकडे वळले.

या वेळी त्यांनी अल्कोहोलच्या जागी अमाइन वापरायचं ठरवलं. त्यातून बनते पॉलिअमाइड साखळी. या साखळ्यांचं वैशिष्ट्य असं की शेजारच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. रांगेत उभ्या असलेल्या मुलांनी शेजारच्या रांगेतल्या मुलांचा हात धरावा तसं. त्यामुळे वितळायला जास्त उष्णता लागते. २४ मे १९३४ ला डोनाल्ड कॉफमन यांनी असा पहिला चांगला धागा ओढला. आणि २८ फेब्रुवारी १९३५ ला जेरार्ड बर्शे यांनी कॅरोदर्स यांच्या हाताखाली पॉलिअमाइड ६-६ बनवलं. दोन्ही कच्च्या मालांत प्रत्येकी ६ कार्बन, म्हणून ६-६. हे साधारण २६० अंश सेल्सिअसला वितळतं. हेच पुढे नायलॉन झालं.

कॅरोदर्स यांच्या टीममध्ये याच काळात पॉल फ्लोरी नावाचा एक तरुण आला होता. पॉलिमरचं गणित करायला कॅरोदर्स यांनीच त्याला प्रोत्साहन दिलं. त्या फ्लोरींना पुढे १९७४ मध्ये केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं.

## बाहेर यश, आत अंधार

एप्रिल १९३६ मध्ये कॅरोदर्स यांची अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसवर निवड झाली. कंपनीत काम करणाऱ्या ऑरगॅनिक केमिस्टला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. दोन महिने आधीच त्यांचं हेलन स्वीटमन यांच्याशी लग्न झालं होतं. त्याही ड्यूपाँटमध्येच काम करायच्या.

आणि नेमक्या याच काळात त्यांचा आजार बळावला. आपल्या डोक्यातल्या कल्पना संपल्या, आपल्या हातून काहीच मोठं झालं नाही, असं त्यांना ठामपणे वाटू लागलं. निओप्रीन त्यांच्या टीमचं, नायलॉन त्यांच्या टीमचं, पॉलिमर केमिस्ट्रीचा पाया त्यांनी घातलेला, आणि तरीही. डिप्रेशन असंच असतं. पुरावे समोर असतात, पण मन ते वाचू देत नाही. १९३६ च्या उन्हाळ्यात त्यांना फिलाडेल्फियातल्या मानसोपचार रुग्णालयात दाखल करावं लागलं. जानेवारी १९३७ मध्ये त्यांची लाडकी बहीण इसोबेल न्यूमोनियाने गेली. हा धक्का त्यांना सोसला नाही.

२९ एप्रिल १९३७ ला, वाढदिवसानंतर दोनच दिवसांनी, कॅरोदर्स यांनी फिलाडेल्फियात स्वतःचं आयुष्य संपवलं. नायलॉनच्या एका महत्त्वाच्या पेटंटचा अर्ज त्याच महिन्यात दाखल झाला होता. पत्नी तेव्हा गरोदर होती. त्यांची मुलगी जेन नोव्हेंबरमध्ये जन्मली.

२७ ऑक्टोबर १९३८ ला ड्यूपाँटने नायलॉन जगासमोर आणलं. आधी टूथब्रशचे केस आले. १५ मे १९४० ला नायलॉनचे मोजे अमेरिकाभर विक्रीला आले आणि दुकानांसमोर रांगा लागल्या. युद्धात पॅराशूट आणि दोर झाले. गळाची दोरीही झाली, आपल्या कोकणात जिला तंगूस म्हणतात. तोवर गळ लावणारे रेशीम, ताग, घोड्याचे केस असलं काय काय वापरत होते. यातलं काहीच बघायला कॅरोदर्स नव्हते.

## मग फ्लोरोकार्बन म्हणजे काय?

१९७१ मध्ये जपानच्या कुरेहा कंपनीने एक नवी दोरी आणली. ती नायलॉनची नव्हती. पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड, म्हणजे पीव्हीडीएफ या पॉलिमरची होती. यालाच आपण दुकानात फ्लोरोकार्बन म्हणतो. गंमत म्हणजे हाच पीव्हीडीएफ बहुधा तुमच्या खिशातही आहे. फोनच्या लिथियम-आयन बॅटरीत धातूच्या पातळ पत्र्यावर पावडरचा थर चिकटवलेला असतो. तो धरून ठेवणारा गोंद म्हणून पीव्हीडीएफ खूप वापरतात.

कॅरोदर्स यांनी पॉलिमरचे दोन गट पाडले होते. जोडताना पाण्यासारखा छोटा रेणू बाहेर टाकणारे कंडेन्सेशन पॉलिमर, आणि काहीच बाहेर न टाकता नुसते जोडले जाणारे अ‍ॅडिशन पॉलिमर. नायलॉन ६-६ पहिल्या गटातलं, पीव्हीडीएफ दुसऱ्या.

गळासाठी याचा फायदा काय? प्रकाश पाण्यात जसा वाकतो, जवळपास तसाच पीव्हीडीएफमध्ये वाकतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, पीव्हीडीएफचा १.४२, नायलॉनचा सुमारे १.५३. म्हणून ही दोरी पाण्यात कमी दिसते. घनता सुमारे १.७८, म्हणजे ती बुडते. नायलॉन पाणी पितं आणि मऊ पडतं, ही जवळजवळ पितच नाही. खडकावर घासली तरी चांगली टिकते.

पण गाठीच्या बाबतीत हेच गुण अंगाशी येतात. ते असे:

एक, ही ताठ असते. नायलॉन पाण्यात मऊ होऊन गाठीत नीट बसतं. फ्लोरोकार्बन सरळ राहायला बघते. गाठ अर्धवट बसते आणि ऐन ताणात सरकते.

दोन, हिला उष्णता कमी सोसते. पीव्हीडीएफ सुमारे १७० अंशांना वितळतं, नायलॉनपेक्षा बरंच आधी. कोरडी गाठ झटक्यात आवळली की घर्षणाने तेवढ्या छोट्या जागेत उष्णता तयार होते. वितळायच्या आधीच ओळीत बसलेल्या साखळ्या पुन्हा विस्कटू लागतात. कोल्ड ड्रॉइंगने कमावलेली ताकद तिथल्या तिथे गेली! दोरी कुरळी, पांढुरकी झालेली दिसते ती यामुळेच.

तीन, दोरी दोरीला कापते. गाठीत वेढे एकमेकांवर चढले की वरचा वेढा खालच्याला आडवा दाबतो. आणि आडव्या दिशेला ताकद कमी, हे आपण वर पाहिलंच.

दोरी बहुतेक वेळा गाठीच्या मधोमध तुटत नाही. मुख्य दोरी जिथे गाठीत शिरते तिथे तुटते. कारण तिथे पूर्ण ताण असतो आणि तिथूनच वळण सुरू होतं. आत गेल्यावर प्रत्येक वेढ्यात घर्षण थोडा थोडा ताण खाऊन टाकतं.

## गाठ तुटू नये म्हणून काय करायचं?

१. आवळण्याआधी गाठ भिजवा. नुसत्या पाण्याने काम होतं. हे कधीच विसरू नका. पाण्याने घर्षण कमी होतं आणि उष्णताही निघून जाते.

२. हळू आणि सलग ओढा. झटका नको. वेढे एकाशेजारी एक, स्प्रिंगसारखे बसताना डोळ्यांनी पाहा. एकावर एक चढले तर गाठ सोडून वाचवत बसू नका. तेवढा तुकडा कापा आणि नव्याने बांधा.

३. पूर्ण आवळा. गाठ बसली असं वाटल्यावर गळ पक्कडीत धरून आणखी एकदा सलग ताण द्या. अर्धी आवळलेली गाठ मासा आवळतो, तोही कोरडी आणि झटक्यात.

४. गाठ नीट निवडा. सुरुवातीला पॅलोमार शिका. दोरी दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून ओवा, त्या दुहेरी दोरीची साधी सैल गाठ मारा, पुढचा फासा गळावरून घाला, भिजवा, ओढा. फक्त दोन्ही पदर एकमेकांवर चढू देऊ नका. दुसरी युनी गाठ. टोक डोळ्यातून ओवून मुख्य दोरीला समांतर घ्या, मागे वळवून फासा करा, त्या फाशातून दोन्ही पदरांभोवती वेढे घाला, आधी टोक ओढून गाठ बसवा आणि मग मुख्य दोरी ओढून डोळ्यापर्यंत सरकवा.

५. जाडीप्रमाणे वेढे कमी-जास्त करा. बारीक दोरीला ५ वेढे ठीक. जाड, ताठ दोरीला ३ ते ४ पुरे. जास्त वेढे घातले तर ते नीट आवळलेच जात नाहीत.

६. टोक अगदी चिकटून कापू नका. २-३ मिलिमीटर सोडा.

७. दोरी बोटांतून फिरवून पाहा. दर माशानंतर, खडकात अडकल्यानंतर, शेवटचा अर्धा मीटर बोटांत घेऊन तपासा. खरखर लागली की तेवढा भाग कापा आणि गाठ नवीन मारा.

८. रीलचा ड्रॅग सैल ठेवा. दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ताणाला रील सुटली पाहिजे. गाठीमुळे थोडी ताकद जाणारच. ती जाईल हे धरूनच चालायचं.

## घरच्या घरी टेस्ट

बॅगेचं वजन करायचा छोटा डिजिटल काटा असतो ना, तो घ्या. दोरीला गाठ मारून गळ काट्याच्या हुकात अडकवा, दुसरं टोक एका गोल दांड्याला पाच-सहा वेढे देऊन धरा. डोळ्यांना चष्मा, हातात जाड मोजे. हे नक्की पाळा, कारण तुटल्यावर गळ उडतो. आता हळूहळू ओढा आणि मोबाइलवर काट्याचा व्हिडिओ घ्या. तुटताना किती आकडा होता ते नंतर सावकाश बघता येतं. ५ किलोची दोरी ४ किलोला तुटली तर गाठीने ८० टक्के ताकद टिकवली. तीच गाठ एकदा कोरडी, एकदा भिजवून, पाच-पाच वेळा करा. फरक तुम्हालाच दिसेल.

तुटलेलं टोकही वाचायला शिका. टोक कुरळं, डुकराच्या शेपटीसारखं झालं असेल तर गाठ तुटलेली नाही, सुटलेली आहे. म्हणजे नीट आवळली नव्हती. टोक चपटं किंवा सरळ तुटलेलं असेल तर चिरडल्यामुळे किंवा ओरखड्यामुळे गेलं.

आणि कापलेले तुकडे किनाऱ्यावर टाकू नका, खिशात घालून घरी आणा. फ्लोरोकार्बन काय, नायलॉन काय, लवकर कुजत नाही. नायलॉन मांज्याने पक्ष्यांचं काय होतं ते आपण दर संक्रांतीला बघतोच.

## जाता जाता

कॅरोदर्स यांनी ड्यूपाँटमध्ये जेमतेम नऊ वर्षं काम केलं. तेवढ्यात रेणूंच्या लांब साखळ्या खऱ्या असतात हे दाखवून दिलं, त्या मोजायचं गणित दिलं आणि आपल्या रोजच्या वापरातल्या कितीतरी वस्तूंची वाट उघडली. तुमच्या चार्जिंग केबलवर विणलेलं आवरण असेल तर तेही बहुधा नायलॉनचंच. आपल्या हातून काहीच झालं नाही असं ज्याला वाटत होतं, त्याचं काम आज घराघरात आहे.

त्यांच्याकडे त्या काळी ज्या सोयी नव्हत्या त्या आज आहेत. तुम्हाला किंवा मित्राला असा अंधार जाणवत असेल, काहीच जमत नाही, जगण्यात अर्थ नाही असं सतत वाटत असेल, तर एकट्याने सोसू नका. घरच्यांशी, डॉक्टरांशी बोला. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

गाठीची ही माहिती गळ लावणाऱ्या तुमच्या मित्राला नक्की पाठवा. पुढच्या वेळी त्याने कोरडी गाठ मारली, तर त्याला नूडल्सची वाटी आणि उसाचं कांडं आठवून द्या. भेटूया पुढच्या लेखात!